खालच्या रांगेतल्या चिंध्या

मावशीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. घरात घड्याळ होतं, पण गजर लावायची वेळ कधी आली नाही. खोलीला खिडकी नव्हती. बाहेर उजाडलं की नाही हे बघायचं तर दार उघडावं लागे. मावशी त्या भानगडीत पडत नसे. चहा करायची, अर्धा कप उभ्याउभ्या प्यायची, उरलेला नवऱ्यासाठी झाकून ठेवायची आणि चपला हातात घेऊन बाहेर पडायची. चपलांचा आवाज झाला की नवरा जागा होई आणि मग "आज तरी उशिरा जा" हे रोजचं सुरू होई.

सहाला तिला उंदरांच्या खोलीत असायचं असे. तिथले दिवे सहाला आपोआप लागत. उंदीर रात्रभर जागतात आणि उजेड झाला की भुशात तोंड खुपसून झोपतात. दिवे लागल्यावरची पहिली दहा मिनिटं ते जागे असतात. कोण लंगडतोय, कोण खात नाही, कुणाच्या अंगावरचे केस उभे आहेत, हे त्या दहा मिनिटांत दिसतं. आठला येणाऱ्या माणसाला दिवसभर शोधून दिसत नाही. कामाची वेळ आठची होती. मावशी सहाला यायची. त्या दोन तासांचे पैसे तिने कधी मागितले नाहीत आणि कुणी कधी दिलेही नाहीत.

ॲनिमल हाऊस म्हणजे मेडिकल कॉलेजच्या मागची, प्रयोगाचे प्राणी ठेवायची बसकी इमारत. तीन खोल्या, एक लांब बोळ, बोळाच्या टोकाला धुण्याची मोरी. आता तिथे पिंजरे धुणारं यंत्र आहे. एका बाजूने घाण पिंजरा आत जातो, दुसऱ्या बाजूने कोरडा बाहेर येतो. तेव्हा यंत्र म्हणजे मावशी. पिंजरा खरवडायचा, गरम पाण्यात घालायचा, ब्रशने कोपरे काढायचे, दोनदा विसळायचा, पालथा घालायचा. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. बाटली स्वच्छ दिसते म्हणून सोडून देणारे बरेच येऊन गेले. मावशी बाटलीत बोट घालून बघायची. आत बुळबुळीत लागलं की परत ब्रश. नळीच्या टोकाला अंगठा लावून थेंब येतो का बघायचं, मगच पिंजऱ्यावर लावायची. थेंब अडकला तर उंदीर तहानेने मरतो आणि बाटली भरलेलीच दिसते. तिच्या हातून असा एकही गेला नाही. भुसा चाळायची तीही हाताने, तोंडाला फडकं बांधून, आणि संध्याकाळी घरी गेली की मास्तर म्हणायचे, "आली सुताराची बायको."

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शिंपी. पुढे पत्र्याचं दुकान, मागे ही एक खोली. दोन्हीकडे दिवसाही दिवा. चाळीस वॅटच्या बल्बखाली काळ्या कापडावर काळी शिलाई घालून मास्तरांचे डोळे ओढायला लागले होते. सुईत दोरा ओवायला मावशी घरी येईपर्यंत थांबायचे आणि वर म्हणायचे, "तेवढंच तुला काम." दोन खोल्या हव्या होत्या. मोठ्या नकोत, उजेडाच्या हव्यात. तिने एक जागा बघूनही ठेवली होती. पण कर्ज मागायला गेलं तर बँक कायम नोकरीवाल्यालाच खुर्ची देते, आणि मावशी अकरा वर्षं रोजंदारीवर होती. त्या वर्षी कायम करायच्या लोकांची यादी लागणार होती. यादीत तिचं नाव वर गेलं होतं. शिफारस बाईंची होती.

बाई म्हणजे जखमांवर काम करणाऱ्या डॉक्टर. वयाने मावशीच्या धाकट्या बहिणीएवढ्या. सदा घाईत, केसांत पेन खोचलेलं आणि तेच पेन सगळीकडे शोधत फिरायच्या. ज्यांच्या पायाच्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत अशांसाठी त्या एक मलम करत होत्या. सहा वर्षं तेच. मलम आधी उंदरांवर बघायचं.

पण त्यात एक गोम होती, ती मावशीला बाईंनीच सांगितली. उंदराचं कातडं अंगावर सैल असतं. जखम झाली की ते चारी बाजूंनी ओढलं जातं आणि नाडीने पिशवीचं तोंड आवळावं तशी जखम मिटते. माणसाची जखम तळापासून वर भरत येते, मग तिच्यावर नवं कातडं चढतं. म्हणून माणसाची जखम कशी भरते हे उंदरावर बघायचं तर त्याचं कातडं ओढलं जाऊ द्यायचं नाही. बाई आधी उंदराला गुंगी देत, पाठीवर वाटाण्याएवढी जखम करत आणि तिच्याभोवती मऊ रबरी कडी चिकटवून आठ टाके घालत. दुखू नये म्हणून औषध देत. कातडं कडीला धरून जागच्या जागी राही.

मावशीने हे घरी सांगितलं तेव्हा मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"म्हणजे भरतकामाची रिंग."

"तसंच काहीसं."

"टाके आठ म्हणालीस. अंतर सारखं आहे का?"

"मी का मोजायला गेले?"

"मोज. एका बाजूला जास्त ओढ बसली की कापड तिरपं होतं. उंदराचं काय वेगळं असणार?"

मावशीने दुसऱ्या दिवशी खरंच बघितलं. अंतर सारखं होतं. मास्तरांच्या मनात बाईंची किंमत वाढली.

कडी लावलेले उंदीर एकत्र ठेवता येत नाहीत. दुसऱ्याच्या पाठीवरची कडी कुरतडून काढतात. म्हणून पिंजऱ्यात एकेकटा. त्या वेळी चोवीस उंदीर होते. वरच्या फळीवर बारा, खालच्या फळीवर बारा. मलम लावताना घोटाळा नको म्हणून बाईंनी सोपं केलं होतं. खालच्या रांगेला औषधाचं मलम, वरच्या रांगेला नुसतं, औषध नसलेलं. दिसायला दोन्ही सारखी.

मावशीची एक सवय होती. पिंजरा बदलताना उंदीर तळहातावर घेतला की तिला वजन कळायचं. काट्यावर ठेवल्यावर अर्ध्या ग्रॅमचाही फरक निघत नसे. जखमा झाल्याच्या दिवशीच खालच्या रांगेतले उंदीर तिच्या हातात थरथरले. खाणं संपवत होते आणि हाताला हलके लागत होते. तिने फळीपाशी बसून गाल पुढे केला. भिंतीतल्या जाळीतून थंड हवा येत होती, ती सरळ खालच्या रांगेवर. खोलीतली हवा माणसाला बरी वाटेल अशी ठेवलेली. एवढ्याशा जिवाला ती गारच, आणि एकेकटे असल्यामुळे एकमेकांच्या उबेला जायची सोय नाही.

ती किल्लीसाहेबांकडे गेली. हे हाऊसचे सुपरवायझर. कमरेला एवढा जुडगा की ते यायच्या आधी आवाज यायचा.

"साहेब, खालच्यांना थंडी वाजतेय."

"कुणाला?"

"उंदरांना."

"बरं. मग आपण त्यांना स्वेटर विणू. तुम्हाला येतो का विणता?"

"जाळीवर पुठ्ठा लावला तरी चालेल."

"मावशी, जाळीला हात लावायचा नाही, पिंजऱ्यात भुशाशिवाय काही घालायचं नाही. यादी लागेपर्यंत तरी शहाण्यासारखं वागा."

मावशी शहाण्यासारखी गप्प बसली आणि घरी जाऊन मास्तरांच्या टेबलाखालची कातरणाची पिशवी ओढली. मऊ सुती तुकडे निवडले. दोनदा उकळले. चार बोटं रुंद, सहा बोटं लांब कापले. कडेचे सुटे दोरे एकेक ओढून काढले, कारण सुटा दोरा उंदराच्या पायाला गुंडाळला की पाय जातो. मास्तर बघत बसले होते.

"गिऱ्हाइकाच्या कडांना मी एवढा वेळ देत नाही."

"म्हणून तर गिऱ्हाईक भांडतं."

सकाळी भुशाची पोती वाफेच्या यंत्रात जात, त्यांच्याबरोबर तिने कापडाची पुरचुंडीही घातली. साडेसहापर्यंत खालच्या बाराही पिंजऱ्यांत एकेक तुकडा पडला होता. दुपारी बघितलं तर बाराही जणांनी तो दातांनी पिंजून कापूस केला होता आणि मधे खड्डा करून आत झोपले होते. नुसती शेपटी बाहेर. मावशी त्या दिवशी बोळातून गुणगुणत गेली, आणि ती गुणगुणणाऱ्यांतली नव्हती.

सोमवारी आणि गुरुवारी बाई मलम लावत आणि जखमांचे फोटो काढत. त्या दिवशी किल्लीसाहेबही फिरकत. मावशी सहाला येऊन घरटी काढून घेई, फोटो झाले की नवी घाली. बाईंना एकदा एका कडीवर निळा तंतू दिसला. त्यांना वाटलं, आपल्याच ओढणीचा. त्यांनी चिमट्याने काढून टाकला.

अकराव्या दिवशी बाईंनी फोटो काढता काढता मान वर केली. मग परत खाली घातली. मग सगळे पिंजरे पुन्हा मागवले. खालच्या बारांपैकी नऊ जणांची जखम मिटली होती. वरच्यांपैकी दोघांची. बाई टेबल सोडून आल्या आणि मावशीला मिठी मारली. हातमोज्यांसकट.

"मावशी, चाललं! मलम चाललं!"

मावशीलाही आनंद झाला. खोटा नव्हता. अकरा वर्षांत तिने तिथे रडणारे पुष्कळ बघितले होते, हसणारं माणूस क्वचित. तिने स्वतःच्या पैशाने सगळ्यांना चहा पाजला. किल्लीसाहेबांनी दोन कप घेतले.

पुढच्या शुक्रवारी बाईंना मोठ्या लोकांसमोर हे सांगायचं होतं. मंगळवारी मावशी बाटल्या लावत होती आणि बाई तिच्यासमोर सराव करत होत्या. "तुम्हाला कळलं की सगळ्यांना कळेल," असं त्या म्हणायच्या, आणि त्यात टोमणा नव्हता.

"दोन्ही रांगा एकाच खोलीत. खाणं तेच, पाणी तेच, भुसा तोच. फरक फक्त एक. मलम."

मावशीच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"काय झालं? कळलं नाही?"

"कळलं," मावशी म्हणाली. बाटली लावली. पुढची घेतली.

त्या संध्याकाळी तिने सुईत दोरा ओवून दिला आणि तिथेच बसून राहिली. मास्तरांनी विचारायच्या आत सगळं सांगितलं. ते आधी हसले.

"अगं, चिंधीने जखम भरत असती तर माझं दुकान म्हणजे दवाखाना."

"जो कुडकुडतो तो अंगातली सगळी ताकद ऊब धरण्यात घालवतो. जखम कशाने भरेल? वर वारा नसला तरी तेही गार खोलीत एकेकटेच, रोज थोडे हलके होत गेले. मी हातात घेतलेत ते. खालचे चिंध्या घातल्यापासून भरत गेले."

"पण मलमही असेल ना चांगलं?"

"असेल. आता कसं कळणार?"

मास्तरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "यादी कधी लागते?"

"महिनाअखेर."

"मग महिनाअखेर सांग. तीन आठवडे. उंदीर काही कोर्टात जात नाहीत."

"शुक्रवारी बाई बोलणार. बोलल्यावर सांगितलं तर त्यांचं तोंड काळं. आणि कधीच नाही सांगितलं, तर उद्या कुणाच्या तरी सडत्या पायावर ते मलम लागणार आणि तो बिचारा वाट बघत बसणार."

"आणि आपण इथे बसणार," मास्तर म्हणाले. बल्बकडे बघितलं. मग त्यांनी शिलाई पुढे चालू केली. तिला थांबवलं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चहाचा कप झाकायच्या आधीच ते उठून बसले होते. "चपला घालूनच जा," म्हणाले. "जागाच आहे मी."

बाई साडेआठला आल्या. मावशी दारातच उभी होती.

"बाई, एक सांगायचंय. खालच्या रांगेत मी चिंध्या घालत होते."

"कसल्या चिंध्या?"

"कापडाच्या. घरटं करायला. थंडी वाजत होती त्यांना."

"किती दिवस?"

"जखमा झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. फोटोच्या दिवशी काढायची, परत घालायची."

"सगळ्या बाराही?"

"बाराही."

"वरच्यांना?"

"नाही. वर वारा लागत नव्हता. आणि निवडलेलं कापड बारांनाच पुरलं."

बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "निळं होतं का त्यात?"

"होतं. शाळेच्या शर्टाचं."

बाई हसल्या, मग त्यांचं हसू भलतीकडेच गेलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. "सहा वर्षं, मावशी," एवढंच म्हणाल्या. मावशीला सांत्वन जमत नसे. ती म्हणाली, "पिंजरे धुवायचे आहेत," आणि मोरीकडे गेली. ते पिंजरे तिने त्या दिवशी तीनदा विसळले.

शुक्रवारचं भाषण रद्द झालं. कॉलेजच्या मोठ्या साहेबांनी कारण विचारलं. बाईंनी आहे ते सांगितलं, नाव न घेता. साहेबांनी नाव विचारलं. बाई उत्तर देईनात. तेव्हा दाराशी उभी असलेली मावशी आत आली आणि म्हणाली, "मी."

महिनाअखेर यादी लागली. मावशीचं नाव नव्हतं. तिच्या जागी आठला येणाऱ्या एकाचं होतं.

घरी काही रडारड झाली नाही. मास्तरांनी विचारलं, "लागली?" ती म्हणाली, "लागली." त्यांनी सुई पुढे केली, तिने दोरा ओवला.

बाई दोन महिने तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. तेही बरोबरच होतं. ज्याचं सहा वर्षांचं शिवण उसवलं त्याने लगेच गोड बोलावं अशी अपेक्षा कुणी करू नये. मग एका सकाळी, सहा वाजून पाच मिनिटांनी, बाई खोलीत उभ्या. केस विस्कटलेले, पेन केसांतच.

"या वेळी दिसतं म्हणता ना तुम्ही? दाखवा मला."

मावशीने दाखवलं. एकेक पिंजरा. हा जागा, हा आळशी, याचे केस बघा, याच्या डोळ्याचा कोपरा बघा. मग एक उंदीर त्यांच्या तळहातावर ठेवला. "किती?" बाई म्हणाल्या, "वीस?" मावशी म्हणाली, "साडेबावीस." काट्यावर ठेवला. साडेबावीस.

"पुन्हा करायचंय," बाई म्हणाल्या. "चार गट. मलम आणि चिंधी, मलम बिनचिंधी, साधं आणि चिंधी, साधं बिनचिंधी. आणि या वेळी रांगेने ठेवायचे नाहीत, सगळे मिसळून. चिंधी केवढी घ्यायची?"

"चार बोटं रुंद, सहा लांब."

"कुणाची बोटं?"

"माझी."

बाईंनी पट्टी आणून मावशीची बोटं मोजली आणि लिहून घेतलं. तुकडे मास्तरांनी कापले, खडूने आखून, एकाच ताग्यातले. कामात त्यांनी पहिल्यांदाच कडेचे दोरे ओढले.

कोणत्या पिंजऱ्यात कुठलं मलम हे या वेळी बाईंनी स्वतःपासूनही लपवलं. चिठ्ठी दुसऱ्याकडे. शेवटी चिठ्ठी उघडली. मलमाने जखम एक दिवस लवकर भरत होती. चिंधीने तीन दिवस. बाईंनी ते जसंच्या तसं छापलं. त्यांना मोठं करणारा तो शोध नव्हता. पण त्यानंतर त्या इमारतीत एकटा ठेवलेला उंदीर घरट्याच्या कापडाशिवाय कधी राहिला नाही, आणि जाळीवर पुठ्ठा आला. पुठ्ठा किल्लीसाहेबांनी स्वतः लावला. तिरपा लावला. मावशीने काढून सरळ लावला.

प्रयोग संपला की उंदीर जिवंत ठेवत नाहीत. हे मावशीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती त्या वेळी बाहेर जात नसे. पिंजरा तीच आणून द्यायची, आणि रिकामा पिंजरा तीच धुवायची. एकदा एका नव्या मुलीने विचारलं, तुम्हाला काही वाटत नाही का? मावशी म्हणाली, "वाटतं. म्हणून तर बाटलीत बोट घालते."

जुने लोक आता भेटले की त्या दिवसांबद्दल बोलतात. चहाच्या किटलीबद्दल, मोरीतल्या वाफेबद्दल, भुशाच्या वासाबद्दल. तो वास कपड्यांतून जायचा नाही. तेव्हा त्याचा वैताग यायचा. आता कुठे रंधा चालला असेल तर माणूस उगाच दोन मिनिटं थांबतो.

पुढच्या वर्षी यादी लागली, नाव नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी यादीच लागली नाही. बाई दर वर्षी अर्जाला कागद जोडत राहिल्या, दुसऱ्या कॉलेजात गेल्या तरी पत्र पाठवत राहिल्या. चौथ्या वर्षी मोठे साहेब बदलले. नव्या साहेबांनी विचारलं, "ही बाई सहाला का येते?" मग ते स्वतः एकदा सहाला आले. तिच्या मागोमाग पहिल्या पिंजऱ्यापासून शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत फिरले. मावशी कायम झाली. पंधरा वर्षं रोजंदारी झाल्यावर.

तिने आधी बघून ठेवलेली जागा केव्हाच गेली होती. दुसरी मिळायला आणखी दोन वर्षं गेली. तोपर्यंत मास्तरांना सुईच काय, मशीनचं चाकही हाताने चाचपावं लागत होतं. डॉक्टरांनी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, दुसऱ्याला हात लावला नाही. जे उरलं त्यावर मास्तरांनी आणखी नऊ वर्षं शिवलं, कारण आता उजेडात शिवता येत होतं. मशीन पूर्वेला ठेवलं होतं.

दोन खोल्या. निवृत्त व्हायच्या आदल्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. चार खिडक्या होत्या, त्यातली एक न्हाणीघरात.